प्रतिरूपक व्यवहार आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

जैन परंपरेने दानाचे जे प्रमुख प्रकार सांगितले आहेत, त्यांत आहारदान, ज्ञानदान आणि अभयदान यांच्या पंक्तीला औषधदानाचे स्थान आहे. आपल्या समाजातील न्यासांनी हे दान मनःपूर्वक केले आहे. धर्मादाय दवाखाने, सवलतीची औषधालये, नेत्रशिबिरे, रुग्णांना मोफत औषधवाटप ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी या कार्याचे कौतुक होणे स्वाभाविक आहे. परंतु कौतुकासोबत एक प्रश्नही विचारणे हे श्रावकाचे कर्तव्य ठरते. जो हात औषध देतो, तो त्या बाटलीत काय आहे याला कितपत जबाबदार असतो? आणि जो व्यापारी माल केवळ एका हातातून दुसऱ्या हातात देतो, त्याची जबाबदारी कोठे संपते?

वैद्यक, विज्ञान आणि व्यापार या तिन्ही क्षेत्रांना एकाच वेळी स्पर्श करणारा हा प्रश्न आहे. त्याची चर्चा केवळ तत्त्वांच्या पातळीवर केल्यास ती हवेत राहील. म्हणून एका द्रवपदार्थाची हकिगत आधी ऐकावी.

ग्लिसरीन हा पदार्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. रंगहीन, दाटसर आणि चवीला गोड. खोकल्याच्या व तापाच्या पातळ औषधांत तो वापरला जातो. डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा दुसरा एक पदार्थ आहे. तोही रंगहीन, दाटसर आणि गोडच. मात्र ग्लिसरीनपेक्षा स्वस्त. कारखान्यांत द्रावक म्हणून आणि वाहनांच्या ब्रेकसाठी लागणाऱ्या द्रवात त्याचा उपयोग होतो. तो पोटात गेला तर मूत्रपिंडे निकामी होतात. दोन पिंपे शेजारी ठेवली तर डोळ्यांना, नाकाला किंवा जिभेला त्यांतील फरक कळणे कठीण. तो फरक प्रयोगशाळेत कळतो, अन्यथा रुग्णाच्या शरीरात.

१९३७ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या एका औषध कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात विकायचे ठरविले. गोळ्या व भुकटीच्या रूपात ते आधीपासून वापरात होते आणि घशाच्या संसर्गावर गुणकारी ठरले होते. कंपनीच्या मुख्य रसायनज्ञाला आढळले की ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये चांगले विरघळते. रासबेरीचा स्वाद घालून मिश्रण तयार झाले. त्याची चव पाहिली गेली, रंग पाहिला गेला, वास पाहिला गेला. ते विषारी आहे काय, एवढेच पाहिले गेले नाही, कारण तसे पाहण्याची सक्ती त्या वेळच्या कायद्यात नव्हती. काही आठवड्यांत शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत अनेक लहान मुले होती. सरकारी निरीक्षक गावोगाव फिरून बाटल्या गोळा करू लागले. तयार झालेल्या २४० गॅलनपैकी सुमारे २३४ गॅलन औषध परत मिळाले. याचा अर्थ असा, की एवढे बळी उरलेल्या पाच-सहा गॅलनांनी घेतले.

पुढची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. सरकारला तो साठा जप्त करता आला, तो विषारी होता म्हणून नव्हे. औषधाच्या नावात ‘एलिक्झर’ हा शब्द होता, त्या शब्दाचा अर्थ मद्यार्कयुक्त औषध असा होतो आणि त्यात मद्यार्क नव्हता. केवळ नाव चुकीचे, एवढाच कायदेशीर गुन्हा. नाव ‘द्रावण’ असे ठेवले असते तर कायद्याला हात लावण्यासही जागा उरली नसती. कंपनीच्या मालकांनी जाहीरपणे अशी भूमिका घेतली की आमच्या हातून कोणतीही चूक झालेली नाही. कायद्याच्या अक्षरापुरते पाहिले तर त्यांचे म्हणणे फारसे खोटे नव्हते. परंतु ज्या रसायनज्ञाने ते मिश्रण बनविले होते, त्याने पुढे आत्महत्या केली. एकाच पेढीतील या दोन माणसांपैकी एकाने जबाबदारी कायद्याच्या पुस्तकात शोधली आणि त्याला ती सापडली नाही. दुसऱ्याला तिचे ओझे पेलवले नाही. १९३८ साली अमेरिकेत नवा कायदा झाला आणि औषध बाजारात आणण्यापूर्वी त्याची सुरक्षितता दाखविणे बंधनकारक ठरले. शंभर चितांनंतर कायदा आला.

ही दूरदेशीची, जुन्या काळची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच घडले. शरीरातील दाब कमी करण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरीन दिले जात होते. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. चौदा रुग्ण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. रुग्णालयातील खरेदीची पद्धत, औषध नियंत्रण यंत्रणेची ढिलाई आणि राजकीय हस्तक्षेप या सर्वांवर त्या आयोगाने परखड ताशेरे ओढले. आपल्या राज्याच्या सार्वजनिक जीवनात या अहवालाने खळबळ उडवून दिली. औषधाचा प्रश्न हा डॉक्टरांपुरता नाही, तो खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाचा आहे, हे महाराष्ट्राला त्या वेळी कळले.

तिसरी घटना २००६ सालची, मध्य अमेरिकेतील पनामा देशातील. तेथे सरकारी प्रयोगशाळेत गरीब रुग्णांसाठी खोकल्याचे औषध तयार केले जात असे. त्यासाठी ग्लिसरीन म्हणून आलेली ४६ पिंपे प्रत्यक्षात विषाची होती. शंभराहून अधिक माणसे दगावली. ती पिंपे चीनमधील एका कारखान्यातून निघाली, तेथील एका दलालाकडे आली, तेथून स्पेनमधील एका व्यापाऱ्याकडे आणि शेवटी पनामातील आयातदाराकडे पोहोचली. प्रत्येक टप्प्यावर मालासोबत शुद्धतेचे प्रमाणपत्र होते. प्रत्येक टप्प्यावर ते प्रमाणपत्र पुढे सरकविण्यात आले आणि वाटेत मूळ कारखान्याचे नाव कागदावरून नाहीसे झाले. पिंप मात्र कोणी उघडून तपासले नाही. प्रत्येकाने आपली दलाली घेतली आणि माल वाटेला लावला.

त्या पिंपांवरचे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. मूळ कारखान्याने त्या मालाला ‘टीडी ग्लिसरीन’ असे म्हटले होते. पुढे अमेरिकन पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा उलगडा झाला की ‘टीडी’ ही अक्षरे ‘ऐवजी वापरायचा पदार्थ’ अशा अर्थाच्या चिनी शब्दाची आहेत. म्हणजे बनविणाऱ्याने एका परीने खरे लिहिले होते. हे ग्लिसरीन नव्हे, त्याच्या जागी खपवायचे दुसरेच काही आहे. वाटेतल्या कोणालाही त्या दोन अक्षरांचा अर्थ विचारावासा वाटला नाही.

येथे जैन श्रोत्यांना थांबावे लागते. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत दोन अतिचार थेट व्यापाऱ्याच्या गादीवरचे आहेत. एक हीनाधिक मानोन्मान, म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे. दुसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल वस्तूसारखी दिसणारी हलकी वस्तू अस्सल म्हणून देणे. जो शब्द शेकडो वर्षांपूर्वी आचार्यांनी वापरला, त्याच अर्थाचा शब्द एकविसाव्या शतकात विषाच्या पिंपावर छापलेला होता. विशेष हे की आचार्यांनी भेसळीचा विचार अचौर्यात केला. ग्राहकाने पूर्ण दाम मोजला आणि त्याला पूर्ण वस्तू मिळाली नाही, तर मधला फरक चोरलेला आहे. औषधाच्या बाबतीत ही चोरी तेथेच थांबत नाही, ती हिंसेपर्यंत जाऊन पोहोचते. एका व्रताचा अतिचार दुसऱ्या व्रताचा भंग कसा घडवितो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे अवघड.

कापडाच्या व्यापाऱ्याला प्रतिरूपक व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. मिश्र सुताचा तागा शुद्ध सुती म्हणून देता येतो, कच्चा रंग पक्का म्हणून देता येतो. पण दोन धुण्यांत कापड स्वतःच बोलू लागते. गिऱ्हाईक तागा घेऊन दुकानाची पायरी चढते, चार शब्द सुनावते आणि व्यापाऱ्याची अब्रू जाते. त्या भीतीनेही पुष्कळसा व्यवहार सरळ राहतो. औषधाचे गिऱ्हाईक परत येऊन तक्रार करू शकत नाही. खोकल्याचे औषध पिणारे दोन वर्षांचे मूल तर औषधाचे नावही सांगू शकत नाही. जेथे ग्राहक तपासू शकत नाही, तेथे विकणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते.

कोणी म्हणेल, विष कारखानदाराने मिसळले, मधल्या व्यापाऱ्याने काय पाप केले? जैन विचार या ठिकाणी फार सूक्ष्म आहे. कृत, कारित आणि अनुमोदित असे कर्माचे तीन मार्ग तो सांगतो. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि होत असलेल्याला संमती देणे. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त माल येतो, तेव्हा जाणत्या व्यापाऱ्याच्या मनात शंका उभी राहतेच. ती शंका दाबून टाकणे हे अनुमोदन आहे. अधिकाधिक स्वस्त दराचा आग्रह धरून पुरवठादाराला कोंडीत पकडणे, हे कदाचित कारित आहे. आधुनिक व्यापाराची साखळी लांब झाली, हात वाढले, म्हणून दोष हातांच्या संख्येने भागला जात नाही.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण अनेकांताचा वारसा सांगणाऱ्यांनी एकांगी बोलणे शोभत नाही. स्वस्त औषध हे पाप नव्हे. भारतीय कारखान्यांनी कमी किमतीत औषधे बनविली म्हणून देशातील आणि आफ्रिकेतील असंख्य गरीब रुग्ण वाचले. प्रत्येक पिंपाची चाचणी करायची तर खर्च वाढतो, वेळ लागतो आणि छोट्या उत्पादकाचे कंबरडे मोडते. धर्मादाय दवाखान्याच्या विश्वस्ताला मर्यादित निधीत शंभर रुग्णांना औषध द्यायचे असते. महाग औषध घेतले तर ते साठांनाच पुरते, मग उरलेल्या चाळिसांचे काय? ही पेचाची स्थिती खरी आहे आणि तिला सोपे उत्तर नाही. मात्र एक रेषा स्पष्टपणे ओढता येते. नफा कमी करून, वेष्टनाचा वा जाहिरातीचा खर्च टाळून आलेली स्वस्ताई स्वागतार्ह आहे. तपासणी टाळून आलेली स्वस्ताई ही रुग्णाच्या खिशातून नव्हे, त्याच्या आयुष्यातून वसूल होते.

ही रेषा पुसली गेली की काय होते, हे अलीकडच्या वर्षांनी पुन्हा दाखविले. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे ७० बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली आणि जागतिक आरोग्य संघटनेने भारतात तयार झालेल्या चार बालऔषधांविषयी इशारा दिला. उत्पादक आणि भारतीय यंत्रणा यांनी तो निष्कर्ष मान्य केला नाही. तरीही १ जून २०२३ पासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या औषधांची सरकारमान्य प्रयोगशाळेत चाचणी बंधनकारक करण्यात आली. त्यानंतर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात वीसहून अधिक बालके खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यांतील अनेकांवर आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने तपासलेल्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. अनुज्ञेय मर्यादा आहे ०.१ टक्का. १९३७ पासून २०२५ पर्यंत अठ्ठ्याऐंशी वर्षे झाली. विज्ञान पुढे गेले, कायदे वाढले, आणि पदार्थ मात्र तोच राहिला.

या काळोख्या हकिगतीत दोन व्यक्ती दिव्यासारख्या उभ्या आहेत.

पहिली डॉ. फ्रान्सिस केल्सी. १९३७ च्या त्या दुर्घटनेचा शास्त्रीय तपास शिकागो विद्यापीठातील ज्या प्रयोगशाळेत झाला, तेथे त्या तरुण विद्यार्थिनी म्हणून काम करीत होत्या. १९६० साली त्या अमेरिकेच्या औषध नियंत्रण विभागात रुजू झाल्या. थॅलिडोमाइड नावाच्या, झोपेसाठी आणि गर्भवतींच्या मळमळीसाठी युरोपात सर्रास वापरल्या जाणाऱ्या औषधाचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. कंपनीने तगादा लावला, वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. केल्सी एवढेच म्हणत राहिल्या की सुरक्षिततेचा पुरावा अपुरा आहे. १९६१ च्या अखेरीस उघड झाले की त्या औषधामुळे जगभर हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली आहेत. अमेरिका मोठ्या प्रमाणात वाचली. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी केल्सी यांचा गौरव केला. सही करणे ही कृती असते, तशी सही न करणे हीसुद्धा कृती असते, हे त्यांनी दाखविले.

दुसरी व्यक्ती पनामातील कुना या आदिवासी समाजातील एक मध्यमवयीन सरकारी कर्मचारी. २००७ च्या मे महिन्यात ते एका दुकानात गेले असता स्वस्त टूथपेस्टच्या नळीवर त्यांनी घटकद्रव्ये वाचली. त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हे नाव उघड छापलेले होते. आदल्या वर्षीच्या मृत्यूंमुळे ते नाव त्यांना ठाऊक होते. त्यांनी एक नळी विकत घेतली, कामावर रजा टाकली आणि आरोग्य खात्यात गेले. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठविले गेले तरी ते घरी परतले नाहीत. त्या तक्रारीतून जगातील अनेक देशांत ती टूथपेस्ट बाजारातून काढली गेली. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, शास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी फक्त वाचले, आणि वाचल्यावर गप्प बसले नाहीत.

व्यापाऱ्यांमध्येही असे उदाहरण नाही काय? १९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉल नावाच्या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात जण दगावले. दोष उत्पादक कंपनीचा नव्हता. तरीही जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत बोलावल्या आणि सुमारे दहा कोटी डॉलरचा भार सोसला. पुढे वेष्टन सहज उघडता येणार नाही असे बदलण्यात आले आणि ग्राहकाचा विश्वास परत आला. याच कंपनीच्या इतर उत्पादनांबद्दल नंतरच्या काळात गंभीर आक्षेप घेतले गेले व खटलेही झाले, हेही सांगितले पाहिजे. सचोटी एकदा दाखविली की कायमची जमा होत नाही. रोजच्या सामायिक-प्रतिक्रमणाप्रमाणे ती रोज नव्याने करावी लागते.

या सर्वांतून न्यासाने आणि व्यापाऱ्याने काय घ्यावे? मोठ्या प्रतिज्ञांची आवश्यकता नाही. औषधदानासाठी खरेदी करताना परवानाधारक विक्रेत्याकडूनच, पक्क्या बिलावर खरेदी करावी. बॅच क्रमांकाची नोंद ठेवावी, म्हणजे उद्या एखाद्या बॅचविषयी इशारा आला तर ते औषध कोणाला दिले हे त्याच दिवशी सांगता येईल. मुदत संपत आलेली औषधे स्वस्तात वा फुकट मिळाली म्हणून वाटू नयेत. जे आपल्या घरातील लेकराला देणार नाही, ते दान म्हणून देऊ नये. खरेदीचा निर्णय केवळ सर्वांत कमी दरावर न घेता जाणकार डॉक्टर व औषधशास्त्रज्ञ यांची छोटी समिती करून घ्यावा. आणि न्यासाच्या दवाखान्यातील परिचारिका वा कंपाउंडर शंका घेऊन आला, तर त्याला गप्प करण्याऐवजी त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. शंका घेणाऱ्या नोकराचे अन्न तोडणारी संस्था स्वतःचेच डोळे काढून टाकते.

शेवटी एक कटु प्रश्न उरतो. प्रतिरूपक व्यवहारातून आलेला पैसा देरासराला, पाठशाळेला किंवा रुग्णालयाला दिला तर तो शुद्ध होतो काय? कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे ३५ गुण सांगितले आहेत आणि त्यांत अगदी पहिले स्थान न्यायसंपन्न वैभवाला दिले आहे. दान, पूजा, तप यांच्याही आधी धन कसे मिळविले हा प्रश्न त्यांनी उभा केला. दानशूरांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या सर्वत्र असतात. त्या पाटीवर धनाचा आकडा कोरता येतो, त्याची वाट कोरता येत नाही. ती वाट देणाऱ्यालाच ठाऊक असते.

या न्यासाची पुढील पन्नास वर्षे आजच्या तरुणांच्या हाती आहेत. त्यांतील कोणी डॉक्टर होतील, कोणी रसायनशास्त्रज्ञ, कोणी औषधांचे व्यापारी, कोणी सरकारी अधिकारी. प्रत्येकाच्या आयुष्यात एक दिवस असा येईल, की समोर एक बंद पिंप असेल, सोबत नीटनेटके प्रमाणपत्र असेल, भाव आकर्षक असेल आणि घाई असेल. त्या दिवशी त्यांनी पिंप उघडून पाहावे, एवढीच अपेक्षा.

विवेचनात जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.